बारा मिनिटांची रेघ

सकाळी 6.30

बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला असतात, तरी निघण्याआधी एकेक हातात घेऊन पाहते. कार्डं रिकामी आहेत ना, लेन्सवर बोटाचा डाग नाही ना. काळं कापड, गॅफर टेप, टॉर्च. आज 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली आणि गिंबल घरीच ठेवला. कॅमेरा हलवायचा नाही, हे कालच ठरलंय.

धायरीतल्या एका औद्योगिक गाळ्यात एका ज्येष्ठ मुद्राचित्रकारांचा स्टुडिओ आहे. त्यांच्यावर मी माहितीपट करतेय. त्यांचं चरित्र त्यात नाही, प्रदर्शनांची आणि पुरस्कारांची यादी नाही. त्यांचं काम होतं कसं, एवढंच आहे. आज ते जस्ताची मोठी प्लेट अ‍ॅसिडमध्ये सोडणार आहेत. अ‍ॅसिडनं एकदा खाल्लेली रेघ पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, म्हणून आज दुसरा टेक नाही. मला असेच दिवस आवडतात.

7.40

सिंहगड रोडला नेहमीची गर्दी. साउंड करणारा मुलगा बूमची काठी मांडीवर आडवी घेऊन मागे बसलाय. नुकताच शिकून बाहेर पडलाय, कान चांगला आहे, आणि प्रश्न विचारायला लाजत नाही. "ताई, आपल्याकडून काही निसटलं तर सरांना परत करायला सांगायचं का?"

मी त्याला पोलॉकची गोष्ट सांगितली. 1950 च्या शरद ऋतूत हान्स नामुथ हा छायाचित्रकार लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्जला जॅक्सन पोलॉकवर फिल्म करत होता. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा आणि वरून रंग ओतत, शिंपडत त्याच्याभोवती फिरायचा. नामुथला रंगवणाऱ्याचा चेहरा आणि उमटत जाणारं चित्र एकाच चौकटीत हवं होतं. म्हणून कॅनव्हासऐवजी काच घेतली आणि कॅमेरा काचेखाली गेला. शूटिंग बाहेर, उघड्यावर, थंडीत. पोलॉकनं काचेवर एकदा सुरुवात केली, आपला त्या चित्राशी संबंध तुटला असं वाटून सगळं पुसलं आणि नव्यानं सुरू केलं. हे तो फिल्ममध्ये स्वतःच्या आवाजात सांगतो. जेमतेम दहा-अकरा मिनिटांची फिल्म आहे, आणि चित्रकाराचं सगळं शरीर कसं रंगवतं हे त्याआधी इतकं स्पष्ट कुणी दाखवलं नव्हतं, असं मला वाटतं.

शेवटचं शूटिंग संपवून पोलॉक घरात आला आणि त्यानं ग्लास भरला. त्याआधी सुमारे दोन वर्षं तो दारूपासून लांब होता. याचं सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडणं बरोबर नाही. त्याची दुखणी जुनी होती. तरीही 'परत एकदा, जरा इकडे वळून' हे शब्द ओठांवर आले की मला ती संध्याकाळ आठवते आणि मी ते गिळते.

"म्हणजे आपण तयार राहायचं," मुलगा म्हणाला. "निसटलं तर निसटलं."

8.30

गाळ्याला उत्तरेकडे एक उंच खिडकी आहे. सकाळचा उजेड तिथून येतो आणि दुपारी दोनपर्यंत फारसा बदलत नाही. सरांनी ही जागा या खिडकीसाठीच घेतली. आम्ही दिवे लावत नाही. दिवा लावला की प्लेटवरची चकाकी बदलते, आणि सर तर त्या चकाकीकडे बघूनच ठरवतात की रेघ किती खोल गेलीय. आमच्या सोयीसाठी त्यांचा उजेड बदलला, तर आम्ही जे टिपू ते त्यांचं काम उरणारच नाही.

मामा आधीच आलेत. प्रेसचं चाक फिरवणं, कागद भिजवणं, प्लेटच्या कडा कानशीनं घासून उतरत्या करणं ही कामं मामा कित्येक वर्षं करताहेत. त्यांनी कागद पाण्याच्या ट्रेमध्ये घातलेत. मी त्यांच्यावरच कॅमेरा लावला. चित्रकारावरच्या बहुतेक फिल्मांत असा माणूस कडेनं येऊन कडेनंच निघून जातो. कोरिना बेल्झच्या 'गेरहार्ड रिख्टर पेंटिंग' (2011) या फिल्ममध्ये मला सर्वांत जवळची वाटतात ती रंग गाळून, ढवळून तयार करणारी मदतनीस मंडळी. चित्राची अर्धी शिस्त तिथेच दिसते.

9.15

प्लेटवर काल ग्राउंड चढवलाय. डांबर, मधमाशीचं मेण आणि राळ यांचा पातळ थर, वर मेणबत्तीच्या धुरानं काळा केलेला. सर त्यावर सुईनं रेघा ओढताहेत. सुई जाईल तिथे काळ्याखालचं जस्त चमकतं. म्हणजे आत्ता ते काळ्यावर उजळ रेघ काढताहेत, जी कागदावर काळी उमटणार. आणि डावीकडे काढलेलं उजवीकडे जाणार. हे सगळं उलटं ते डोक्यात सुलट बघतात. त्यांच्यासमोर आरसा ठेवलेला आहे, पण मी त्यांना त्यात बघताना क्वचितच पाहिलंय.

चित्र सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याचं आहे. वाडा आता नाही. लाकडी पायऱ्या, वरून तिरपा येणारा उजेड, आणि चौथ्या पायरीवर बसलेली एक बाई.

लेन्स सुईच्या टोकावर. मॅक्रोमध्ये दिसतं की ते सुई दाबत नाहीत. खोदणं हे सुईचं काम नाही, तिनं फक्त मेण बाजूला करायचं. खोदायचं काम अ‍ॅसिडचं. मनगट टेबलावर टेकलेलं नाही, डाव्या हातानं धरलेल्या लाकडी पट्टीवर आहे, म्हणजे ग्राउंडला धक्का लागणार नाही. पायरीची कड आली की रेघ थांबते, सुई उचलली जाते, आणि पुढे केसभर जागा सोडून पुन्हा टेकते. ती केसभर जागा म्हणजे पायरीची झिजलेली कड. मी त्यांची कितीतरी चित्रं पाहिलीत, ती झीज कशी येते हे मला आज कळलं.

यासाठीच मी हे काम करते. 'सर, तुमची प्रक्रिया सांगा' असं खुर्चीत बसवून विचारलं असतं, तर ही केसभर जागा त्यांच्या तोंडून कधीच आली नसती. ती हाताला ठाऊक आहे.

10.40

एक्झॉस्ट फॅनवरून वाद. साउंडच्या मुलाला तो बंद हवाय. त्याचंही बरोबर आहे. त्या घरघरीत बुडबुड्यांचा आवाज ऐकू येणार नाही. पण नायट्रिक अ‍ॅसिड जस्ताला खाऊ लागलं की निघणारी वाफ छातीला वाईट असते. सर चाळिशीत असताना बंद खोलीत काम करत, त्याचा खोकला त्यांना अजून आहे. फॅन चालूच राहील, मी सांगितलं. बुडबुड्यांचा आवाज स्टुडिओत वेगळा तयार करून नंतर चिकटवू, हा त्याचा पुढचा प्रस्ताव. तोही नाही. सरांना काम करताना बुडबुडे ऐकू येत नाहीत, फॅन ऐकू येतो. प्रेक्षकालाही फॅनच ऐकू येऊ दे. मुलगा नाराज झाला, पण त्यानं गाळ्यातल्या रिकाम्या आवाजाची दोन मिनिटं नीट मुद्रित करून घेतली. चांगला रेकॉर्डिस्ट होईल.

11.05

ट्रेमध्ये एक भाग अ‍ॅसिड, आठ भाग पाणी. शेजारी साध्या पाण्याची बादली आणि खाण्याच्या सोड्याचा डबा, कुठे सांडलं तर. मास्क, हातमोजे. प्लेटची पाठ वॉर्निशनं झाकलेली. कॅमेरा ट्रेच्या वर, उभा खाली बघणारा, काचेच्या झाकणाआड. मी रोल केलं आणि हात मागे घेतले.

प्लेट आत गेली. पहिले काही क्षण काहीच नाही. मग रेघारेघांतून मोहरीहून बारीक बुडबुडे उठू लागले आणि पूर्ण जिना बुडबुड्यांनी लिहिल्यासारखा पाण्याखाली दिसू लागला. बुडबुडे रेघेवर बसून राहिले तर तिथे अ‍ॅसिड पोचत नाही आणि रेघ तुटक होते, म्हणून सर घारीच्या पिसानं ते हलकेच बाजूला सारतात. पीस जातं, रेघ मोकळी होते, पुन्हा भरते.

तीन मिनिटांनी प्लेट बाहेर. धुतली, टिपली, भिंगाखाली पाहिली. सर्वांत दूरच्या, वरच्या उजेडातल्या रेघा त्यांनी ब्रशनं वॉर्निश लावून बंद केल्या. त्यांचं काम झालं. त्या फिक्याच राहणार. वॉर्निश वाळू दिलं. प्लेट पुन्हा आत, आणखी चार मिनिटं. पुन्हा बाहेर. आता मधल्या पायऱ्या आणि बाई बंद. पुन्हा आत, पाच मिनिटं, फक्त जिन्याखालचा अंधार आणि पुढचा खांब.

म्हणजे फिकी रेघ तीन मिनिटांची, मधली सातची, काळी बारा मिनिटांची. सुई सगळीकडे सारखीच चालली होती. उजेड-अंधाराचा सगळा फरक वेळेचा आहे. भिंतीवर घड्याळ आहे, पण सर घड्याळ बघून प्लेट काढत नाहीत; बुडबुडे मोठे झाले, त्यांचा वेग वाढला, ट्रे जरासा तापला, हे बघून काढतात. काल गार होतं, आज उकडतंय, त्यानंही हिशेब बदलतो.

हे घडत असताना काही 'घडत' नाही. एक माणूस ट्रेवर वाकून उभा आहे आणि त्याच्या हातात पीस आहे. कुठलाही संकलक इथे कात्री लावेल. पण इथे कात्री लावली, तर एचिंगमधलं काळं कशातून येतं हेच आपण कापून टाकू. आज दिवसभर मी याच विचारात आहे.

1.00

डबे. भाकरी, मेथीची भाजी, मामांच्या घरचा ठेचा. सर म्हणाले, मुंबईत विद्यार्थी असताना त्यांनी सत्यजित राय यांची 'द इनर आय' पहिल्यांदा पाहिली. 1972 ची, वीसेक मिनिटांची फिल्म. ती चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींवर आहे, ते शांतिनिकेतनात राय यांचे शिक्षक. त्यांची दृष्टी आधीच गेली होती, आणि तरी फिल्ममध्ये ते टाइल्सचं भलंमोठं भित्तिचित्र उभं करताना दिसतात. "कळवळा आणायला सोपं होतं," सर म्हणाले. "रायनी तो आणला नाही. काम दाखवलं." मला यात भर घालण्यासारखं काही नव्हतं.

मग मुलाला आपल्याकडच्या फिल्मांबद्दल सांगत बसलो. हुसेनांनी 1967 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केली, तिला बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं. अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत एक कार्यशाळा उघडली, जिथे चित्रकार आणि फिल्मवाले एकत्र काम करायचे. तिथल्या दिवसांत त्यांनी केलेल्या एका फिल्मची एकुलती प्रत हरवली. आशिम अहलुवालियानं 2016 मध्ये म्हाताऱ्या पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवरच फिल्म केली, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. अरुण खोपकरांची जहांगीर सबावालांवरची 'कलर्स ऑफ अ‍ॅबसेन्स'. अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांची 'साचा' (2001), नारायण सुर्वे आणि सुधीर पटवर्धन यांना शेजारी बसवणारी, गिरण्यांच्या मुंबईतली. मुलानं यातली एकही पाहिलेली नाही, आणि दोष त्याचा नाही. या फिल्मा कुठे लागतात? आपण चित्रकारांची नावं अभिमानानं घेतो आणि त्यांचे हात दाखवणाऱ्या फिल्मा डब्यात पडून राहतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण महाराष्ट्रात सिनेमा चित्रकारांच्याच हातून आला. फाळके जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आणली. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

मामा म्हणाले, "पाणी निथळलं असेल, कागद काढू का?"

2.10

ग्राउंड टर्पेंटाइननं उतरवला. पहिलं प्रूफ. शाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं सगळीकडे भरायची, मग पुसायची. शाई फक्त खाचांत राहिली पाहिजे. आधी जाळीदार कापडाचा गोळा, गोल गोल. मग कागद. शेवटी खडूची पूड लावलेला तळहात. तळहाताच्या या शेवटच्या पुसण्याचा आवाज मुलानं फार सुंदर पकडला, एकदम कोरडा.

बेडवर प्लेट, वर ओलसर कागद, वर फेल्टची ब्लँकेटं. मामांनी चाक फिरवलं. सरांनी कागदाचे दोन कोपरे धरून तो उचलला.

मी कॅमेरा कागदावर नेला नाही, मामांवर ठेवला. चाकावरचा हात न काढता ते मान तिरकी करून प्रिंटकडे बघत होते. त्यांना लगेच कळलं की सरांना पटलेलं नाही.

3.30

प्रूफ भिंतीवर टाचलंय. सर समोर स्टुलावर बसलेत. जिना उत्तम आलाय. खालचा काळा मखमलीसारखा. मधली बाई... सर तिच्याकडे बघताहेत. बराच वेळ. मी रोल करतेय. मग न वळता म्हणाले, "बंद कर जरा."

केला. आमचा पहिल्या दिवसापासूनचा करार आहे: त्यांनी म्हटलं की बंद, कारण विचारायचं नाही, लाल दिवा झाकून चोरून चालू ठेवायचा नाही. मुलानंही रेकॉर्डर बंद केला आणि तो बंद झाल्याचं सरांना दिसेल असा टेबलावर ठेवला. रिख्टर त्या फिल्ममध्ये कॅमेऱ्यासमोरच सांगतो की कुणी बघत असताना रंगवणं त्याला सोसत नाही. बेल्झनं ते फिल्ममध्ये ठेवलं, हा तिचा प्रामाणिकपणा. पण असं वाक्य मिळवण्यासाठी कॅमेरा चालू ठेवायचा नसतो.

आम्ही बाहेर चहाला गेलो. परत आलो तेव्हा सर प्लेटवर वाकून स्क्रेपर चालवत होते. बाई जात होती. खरवडायचं, मग बर्निशरनं घासून तो भाग पुन्हा गुळगुळीत करायचा, म्हणजे तिथे शाई धरणार नाही. त्यांनी मान हलवली: आता चालेल. मी रोल केलं. तो निर्णय झाला कसा हे माझ्या फिल्ममध्ये नसेल. तो घेतल्यावर हाताला किती घासावं लागतं, हे असेल.

"पूर्ण जाणार नाही ती," सर घासता घासता म्हणाले. "थोडी राहील पायरीत. राहू दे."

5.45

आवराआवर. दोन हार्ड डिस्कवर कॉपी, एक मुलाकडे, एक माझ्याकडे.

रात्री 8.45

घरी रशेस. मधेच ज्या संस्थेकडून पैसे येणार आहेत तिथून फोन. पहिल्या अर्ध्या मिनिटात पूर्ण झालेलं चित्र आणि सरांचं एखादं छानसं वाक्य हवं, अ‍ॅसिडचा भाग वेग वाढवून वीस सेकंदांत बसवा, अशी सूचना. त्यांना उगाच घाई आहे असं नाही. त्यांना भीती आहे की बघणारा निघून जाईल. ही भीती खरी आहे. पण उपाय हा नव्हे.

1956 च्या 'द मिस्टरी ऑफ पिकासो'मध्ये क्लूझोनं शाई पलीकडे उतरेल असा कागद वापरून कॅमेरा मागून लावला, त्यामुळे पिकासोचा हात न दिसता रेघच आपोआप उमटत जाते. विलक्षण दिसतं ते. एका चित्रानंतर क्लूझो पिकासोला म्हणतो की लोकांना वाटेल हे दहा मिनिटांत झालं, प्रत्यक्षात पाच तास लागलेत. कापलेला वेळ त्यानं लपवला नाही, पडद्यावरच मोजून दाखवला. आणि दुसऱ्या टोकाला व्हिक्टर एरिसेची 1992 ची फिल्म, 'क्विन्सच्या झाडाचं ऊन'. माद्रिदमधला चित्रकार आंतोनियो लोपेझ आपल्या अंगणातलं फळांनी लगडलेलं झाड रंगवायला घेतो. दर वेळी पावलं त्याच जागी पडावीत म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, ओळंबा टांगतो, फळांवर आणि पानांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतो, फळं जडावून खाली झुकली की किती झुकली ते कळावं म्हणून. पडद्यावर तारखा येत राहतात, सप्टेंबर 1990 पासून पुढे. पाऊस येतो, ऊन टिकत नाही, तैलचित्र सोडून द्यावं लागतं, तो रेखाटन सुरू करतो. सव्वादोन तासांची फिल्म आणि चित्र अपुरं. चित्रकाराच्या कामाबद्दल इतकी खरी फिल्म मी दुसरी पाहिलेली नाही.

माझ्याकडे सव्वादोन तास नाहीत, बावन्न मिनिटं आहेत. तरी टाइमलाइनवर मी आज एवढं बसवलं: पहिली तीन मिनिटं अखंड, फॅनच्या आवाजासकट, वर निवेदन नाही, संगीत नाही. पुढची चार आणि पाच मिनिटं कापलीत, पण तिथे पडद्यावर साध्या अक्षरांत लिहिलंय किती वेळ गाळलाय ते. आणि लगेच प्रूफवरच्या तीन रेघा जवळून: फिकी, मधली, काळी. बघणाऱ्यानं तीन मिनिटं सोसली असतील, तर काळ्या रेघेत त्याच्या चौपट वेळ आहे हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

संस्थेला तसं मेलनं कळवलं, कारणांसकट. ऐकतील की नाही, बघू. नाही ऐकलं तर ती तीन मिनिटं दुसरीकडे कुठे वाचवता येतील त्याची यादी तयार आहे; सर्वांत आधी जाईल ती माझ्या आवाजातली प्रस्तावना.

10.20

सरांचा निरोप आला: दुसरं प्रूफ शुक्रवारी, साडेआठला या. चौथ्या पायरीवर अ‍ॅक्वाटिंटचा हलका थर द्यावा का, याचा विचार चाललाय, आणि तसं ठरलं तर राळ उडवायची पेटी आधी साफ करावी लागेल. मामा गुरुवारी दुपारी ती उघडणार आहेत. मी मुलाला कळवलं, गुरुवारीच जाऊ.